हा गणपती जाऊ दे, मग टॅटूचं बघू

डॉक्टर मॅडम,

मी २२ वर्षांची आहे. पुण्यात शिकते आणि एका ढोल पथकात वादन करते. गणपतीला पाच आठवडे राहिलेत. त्याआधी मला डाव्या हाताच्या आतल्या बाजूला टॅटू काढायचाय: आजोबांच्या जुन्या पत्रातली एक ओळ, त्यांच्याच अक्षरात, बारीक, आणि शेवटी छोटासा लाल टिळा. स्टुडिओत सहा हजार सांगतात. माझ्या आतेभावाने ऑनलाइन मशीनचा किट मागवलाय, तो घरीच फुकट काढून देतो म्हणतो. त्याने मित्रांचे काढलेत, कुणाला काही झालेलं नाही. आजी म्हणते, आम्ही जत्रेत गोंदवून घेतलं, सगळ्या बायकांना एकच सुई, काय झालं आम्हाला? आईचं नेमकं उलट. टॅटूने कॅन्सर होतो आणि पुढे एमआरआय करता येत नाही, असं तिला कुणीतरी सांगितलंय.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. दोन वर्षांपूर्वी कानाच्या वरच्या बाजूला दुसरं भोक पाडलं तेव्हा मागे टणक गाठ आली होती, तिच्यात इंजेक्शनं घ्यावी लागली. आणि पिंपल्ससाठी चार महिने आयसोट्रेटिनॉइनची गोळी चालू आहे. मंडळाच्या शिबिरात मी दरवर्षी रक्त देते, ते टॅटूनंतर चालेल ना? धाकटा भाऊ सैन्यभरतीची तयारी करतोय, त्यालाही माझ्याबरोबर मानेवर वाघ काढायचाय.

— एक वादक, पुणे

---

पत्राच्या शेवटी 'राहिल्या' म्हणून ज्या दोन गोष्टी तू उरकून टाकल्यास, मी तिथूनच सुरुवात करते. सुई, शाई, स्टुडिओची स्वच्छता हे सगळ्यांनाच लागू असतं. कानामागची गाठ आणि चालू असलेली गोळी मात्र तुझी आहे, आणि तुझा निर्णय त्यावरच ठरणार. उत्तर आधीच सांगून टाकते: या गणपतीआधी टॅटू नको, आणि आतेभावाकडून तर कधीच नको. पुढे काढायचा की नाही, ते ती गाठ नक्की काय होती त्यावर.

जखम भरताना शरीर तिथे कोलॅजेनचा, म्हणजे त्वचा बांधून ठेवणाऱ्या तंतूंचा, भराव टाकतं. काहींच्या त्वचेला तो कुठे थांबवायचा हे कळत नाही. व्रण मूळ जखमेची हद्द सोडून वाढत जातो, टणक होतो, खाजतो, दुखतोही. याला कीलॉइड म्हणतात. कान, छाती, खांदा, जबड्याची कड या त्याच्या नेहमीच्या जागा. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत त्याचं प्रमाण गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त आहे आणि पुष्कळदा ते घराण्यात असतं. कानाच्या कूर्चेत भोक पाडल्यावर आलेली प्रत्येक गाठ कीलॉइडच असते असं नाही. कधी ती नुसती सूज असते किंवा जंतुसंसर्गाने आलेला मांसल फोड असतो, आणि तो बसतो. पण तुला इंजेक्शनं द्यावी लागली म्हणजे ज्यांनी ती दिली त्यांना बहुधा कीलॉइडचाच संशय होता. जुना कागद शोध, किंवा त्याच डॉक्टरांना जाऊन विचार. आरशात दंडावरचा लहानपणीचा बीसीजीचा व्रण बघ: सपाट आहे की फुगलेला? आईला, मावशीला, आत्याला विचार, ऑपरेशनच्या टाक्यांवर कुणाला असं वाढलंय का.

टॅटूची सुई त्वचेत साधारण एक ते दोन मिलिमीटर जाते, त्यामुळे टॅटूवर कीलॉइड येणं ही रोजची गोष्ट नाही. हाताची आतली बाजू छाती-खांद्याइतकी धोक्याचीही नाही. एवढं तुझ्या बाजूने. पण ज्याला एकदा कीलॉइड झालंय त्याच्या बाबतीत माझं मत सरळ आहे: हौसेसाठी नवी जखम करू नये. कारण आलं तर ते एका ठिपक्यावर येणार नाही, आजोबांची अख्खी ओळ फुगेल, आणि मग अक्षराअक्षरावर इंजेक्शनं. लेझरने काढायला जावं तर तीही पुन्हा जखमच. गाठ कीलॉइड नव्हती असं डॉक्टर म्हणाले, तर गोष्ट वेगळी. आणि त्यांनाही खात्री नसेल, तर त्यांच्या सल्ल्याने ज्या काळ्या शाईने ओळ काढायची तिचाच एक छोटा ठिपका काढून निदान सहा महिने वाट बघणं हा मधला मार्ग आहे. निदान एवढ्यासाठी म्हणते की कीलॉइड उशिरा, कधी वर्षभरानेही उगवतं.

आता गोळी. आयसोट्रेटिनॉइनने त्वचेतल्या तेलाच्या ग्रंथी आक्रसतात, त्वचा कोरडी आणि नाजूक होते. ती चालू असताना आणि थांबवल्यावर सहा महिने टॅटू, लेझर, खोल पील (रसायनाने वरची कातडी सोलणं) असलं काही करू नये असा जुना दंडक आहे. हल्ली काही उपचारांपुरता तो ढिला करावा असं तज्ज्ञ म्हणू लागलेत. कानाचा इतिहास नसता तर मीही थोडी ढिली झाले असते. तुझ्यासाठी जुनाच नियम. आणि टॅटूसाठी म्हणून गोळी मधेच सोडायची नाही, कोर्स पुरा कर.

रक्तदानाचं तू विचारलंस ते बरं केलंस. ही गोळी चालू असताना आणि शेवटच्या गोळीनंतर एक महिना रक्त द्यायचं नसतं. ते रक्त एखाद्या गरोदर बाईला चढवलं गेलं तर पोटातल्या बाळात व्यंग येऊ शकतं. गेल्या चार महिन्यांत कुठल्या शिबिरात दिलं असशील तर त्या रक्तपेढीला आजच फोन करून सांग. यंदाच्या मंडळाच्या शिबिरात नावनोंदणीच्या टेबलावर बस, वाटलं तर चहा-बिस्किटांचं बघ, पण रक्त देऊ नकोस. टॅटूचा नियम वेगळा आहे: आपल्याकडे टॅटू काढल्यावर १२ महिने रक्तदान बंद. कान-नाक टोचल्यावरही तसंच. कानाला दुसरं भोक पाडलंस त्या वर्षी शिबिरातल्या फॉर्मवर ते लिहिलं होतंस का, हे मी विचारत नाही. इथून पुढे लिही.

पाच आठवड्यांचा हिशेब बघू. वरची कातडी दोन-तीन आठवड्यांत भरलेली दिसते, पण खालचा थर जुळायला दोन-तीन महिने लागतात. आणि तुमचा सराव तर याच पाच आठवड्यांत सगळ्यात जोरात असणार. डाव्या हाताने थाप मारताना कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग ढोलाच्या कडेवर घासतो हे मी तुला सांगायची गरज नाही. श्रावण-भाद्रपदाची दमट हवा, घामाने भिजलेला कुर्ता, मिरवणुकीतला गुलाल, बारा-चौदा तास हात धुवायलाही जागा नाही. अर्धवट भरलेल्या जखमेला यापेक्षा वाईट दिवस मला सुचत नाहीत.

विसर्जनाचं पाणी तर नकोच नको. नदी, हौद, समुद्र काहीही असो, वरची कातडी पुरती भरेपर्यंत, म्हणजे निदान तीन-चार आठवडे, तो भाग बुडवायचा नाही. गणपतीनंतर पथकातली मंडळी अलिबागला किंवा गोव्याला जातात, तेही यात आलं. कोमट समुद्राच्या पाण्यात व्हिब्रिओ जातीचे जंतू असतात. २०१७ साली डॉक्टरांच्या नियतकालिकात आलेली एक केस आहे: अमेरिकेत एक ३१ वर्षांचा माणूस पायावर टॅटू काढून पाचव्या दिवशी मेक्सिकोच्या आखातात पोहला. त्याला आधीपासून यकृताचा आजार होता. जंतू रक्तात पसरले आणि तो वाचला नाही. धडधाकट माणसाचं असं सहसा होत नाही, पण 'सहसा होत नाही' म्हणजे ताजी जखम घेऊन पोहायचं असं नव्हे.

आतेभावाचा किट. मुलगा चांगला असेल, हातही चांगला असेल, मला शंका नाही. प्रश्न त्याच्या टेबलावरचा आहे. टॅटूच्या सुईने त्वचेला मिनिटाला हजारो वेळा भोकं पडतात, प्रत्येक भोकातून थोडं रक्त आणि पाणचट स्राव वर येतो. ते सुईला लागतं, सुईवरून शाईच्या कॅपमध्ये जातं, हातमोज्याला लागतं, मोज्याने मशीनला, मशीन ठेवलं की टेबलाला, मधेच फोन वाजला की फोनला. हिपॅटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या रक्तात सात दिवस जिवंत राहू शकतो. म्हणजे गेल्या रविवारी मित्राचा टॅटू काढताना बाटलीच्या टोपणाला लागलेलं रक्त या रविवारी तुझ्यापर्यंत येऊ शकतं, सुई नवीकोरी असली तरी! लोक सुईबद्दल विचारतात आणि समाधानाने खुर्चीत बसतात. सुईपलीकडचं कुणी बघत नाही.

'कुणाला काही झालेलं नाही' हे त्याला कसं कळलं? त्या मित्रांनी तपासण्या केल्यात का? हिपॅटायटिस बी आणि सी वर्षानुवर्षं गप्प असतात. माणूस जेवतो, खेळतो, नोकरी करतो आणि पुढे कधीतरी यकृत आक्रसल्यावर कळतं.

आजीलाही तेच सांग, पण प्रेमाने, कारण तिच्या हातावरचं गोंदण माझ्याही आजीच्या हातावर होतं आणि ते सुंदरच होतं. काजळी, पाल्याचा रस, एकत्र बांधलेल्या सुया, आणि रांगेत बसलेल्या बायका. ज्या काळात आजी जत्रेत गोंदवायला बसली त्या काळात हिपॅटायटिस सी ला नावच नव्हतं, तो विषाणू १९८९ साली ओळखला गेला. एचआयव्ही भारतात पहिल्यांदा आढळला तो १९८६ मध्ये. तेव्हा कुणी काय होऊन गेलं याचा हिशेब ठेवणारं कोण होतं? आजीची हिपॅटायटिस बी आणि सी ची एकदा रक्ततपासणी करून घ्या. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात, २०१८ पासून, ठरावीक सरकारी रुग्णालयांत तपासणी आणि औषधं फुकट मिळतात. हिपॅटायटिस सी निघालाच तर आता बहुतेकांना साधारण बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी तो बरा होतो. जत्रेतला बॅटरीवरचा टॅटूवाला आजही दिसतो, एकाच वाटीतली शाई, ओल्या फडक्याने पुसलेली सुई. तिकडे तर बघूही नकोस.

तुला थांबायला लागणारे महिने रिकामे जाणार नाहीत. हिपॅटायटिस बी ची लस तीन डोसांत असते: आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. देशभरातल्या सरकारी लसीकरणात ती २०११ पासून आहे. तुझा जन्म त्याच्या बराच आधीचा, त्यामुळे लहानपणी तुला ती मिळालीच असेल असं नाही. जुनं कार्ड सापडत नसेल तर पुन्हा घेतली तरी अपाय नाही. हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीला लस नाही, तिथे स्टुडिओच्या टेबलावरच विश्वास ठेवावा लागतो. म्हणून ते टेबल बघायला शिक.

स्टुडिओ निवडताना लोक आर्टिस्टचे फोटो बघतात. तेही बघ, पण त्यात बरे झालेले, वर्ष-दोन वर्षांचे टॅटू माग. ताजा टॅटू सगळ्यांचाच छान दिसतो. मग एक संध्याकाळ नुसती जाऊन बस. दुसऱ्या कुणाचं काम चालू असताना, त्या गिऱ्हाइकाची हरकत नसेल तर, लांबून बघू दे म्हण. जो आर्टिस्ट यावर चिडतो तिथून उठायचं.

बघायचं ते त्याच्या हातांकडे. मोजे घालून तो फोनला, लाइटच्या बटणाला, स्वतःच्या केसांना हात लावतो का? लावला तर मोजे बदलतो का? सुई, म्हणजे आता बहुतेक ठिकाणी कार्ट्रिज (सुई बसवलेली छोटी नळी), तुझ्यासमोर सीलबंद पाकिटातून निघायला हवी. पाकिटावर बॅच नंबर, निर्जंतुक केल्याची खूण आणि मुदत असते, ती वाच. कार्ट्रिजमध्ये आतून पातळ पडदा असावा, नाहीतर रक्त-शाई मागे मशीनमध्ये शिरते आणि मशीन काही कुणी उकळत नाही. मशीन, वायर, पाण्याची फवारणीची बाटली या सगळ्यांवर प्लॅस्टिकचं नवं आवरण चढवलेलं हवं आणि काम झाल्यावर ते टाकायला हवं. शाई छोट्या कॅपमध्ये ओतून घेतात. उरलेली परत बाटलीत गेली की तो स्टुडिओ बाद. व्हॅसलिनच्या डब्यात मोज्याचं बोट घालतो की नवी काडी घेतो? केस काढायचं ब्लेड नवं आहे? स्टेन्सिल, म्हणजे अक्षरांचा कच्चा ठसा, उमटवायला काही जण अजून डिओची कांडी थेट कातडीवर फिरवतात, तीच कांडी सगळ्यांना. या गोष्टी सुईपेक्षा जास्त सांगून जातात.

कोपऱ्यात निळा दिवा लागलेलं एक कपाट असतं, त्याला 'स्टरलायझर' म्हणून दाखवतात. अतिनील किरणांच्या त्या कपाटाने वस्तू निर्जंतुक होत नाहीत, आधी निर्जंतुक केलेल्या ठेवायला फार तर ते बरं. मशीनची धातूची मूठ (ग्रिप) पुन्हा वापरत असतील तर ऑटोक्लेव्हच लागतो: दाबाखालची वाफ, १२१ अंश सेल्सियस, पंधरा-वीस मिनिटं. त्यातून काढलेल्या पाकिटावरच्या पट्टीचा रंग बदललेला असतो. गरम पाणी, डेटॉल, स्पिरिट यांनी भागत नाही.

आणि पाणी. करडी छटा हवी म्हणून काळ्या शाईत पाणी घालतात. ते नळाचं किंवा बिसलेरीचं असेल तर चालणार नाही, निर्जंतुकच हवं. न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टरला २०११ मध्ये एकाच आर्टिस्टकडे टॅटू काढलेल्या बऱ्याच लोकांना महिनोन्महिने न बसणारे पुरळ आले. तपास केल्यावर कळलं की कारखान्यातूनच तयार होऊन आलेल्या करड्या शाईत क्षयरोगाच्या जंतूंच्या कुळातला, पाण्यात राहणारा एक जंतू होता. आर्टिस्टची काहीच चूक नव्हती. म्हणून तू केवळ अक्षर काढणार असलीस तरी सावलीबिवलीच्या भानगडीत पडू नकोस, साधी काळी रेघ पुरे.

आजोबांचं अक्षर जसंच्या तसं बारीक नको. शाई वर्षांगणिक थोडी पसरते; आज नाजूक दिसणारी वेलांटी दहा वर्षांनी ठिपका होते. आर्टिस्ट अक्षर मोठं करायला सांगेल, ऐक त्याचं. आणि हे काम तिळावर, मशावर चढवायचं नाही, कारण पुढे त्या तिळात काही बदल झाला तर दिसणार नाही.

लाल टिळा मात्र सोडून दे. टॅटूच्या रंगांमध्ये ॲलर्जीची सगळ्यात जास्त प्रकरणं लाल शाईची असतात, आणि ती दुसऱ्याच दिवशी उठते असंही नाही. कधी महिन्यांनी, कधी वर्षांनी तेवढाच लाल भाग फुगतो, खाजतो. शाई कातडीतून परत काढता येत नाही हाच तर त्रास आहे. काळी मेंदी म्हणून किनाऱ्यांवर आणि जत्रांमध्ये जो 'तात्पुरता टॅटू' काढतात, तोही त्याला पर्याय समजू नकोस. खरी मेंदी लालसर-तपकिरी रंगते. कुळकुळीत काळी असेल तर त्यात बहुधा केसांच्या डायमधलं पीपीडी नावाचं रसायन घातलेलं असतं. त्याने फोड येतात, आणि एकदा ॲलर्जी बसली की आयुष्यभर हेअर डायही लावता येत नाही.

आईच्या दोन्ही भीतींना उत्तर आहे. शाईचा काही भाग त्वचेतल्या पेशी गिळून धरून ठेवतात, म्हणून टॅटू टिकतो. काही भाग लसिकावाहिन्यांतून, म्हणजे शरीरातला पाणचट द्राव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांतून, काखेतल्या लसिकाग्रंथींपर्यंत जातो आणि तिथेच राहतो. यात काळजीचं किती, यावर शास्त्रज्ञ अजून काम करत आहेत. स्वीडनच्या लुंड विद्यापीठाचा २०२४ चा एक मोठा अभ्यास आहे. त्यात टॅटू असलेल्यांमध्ये लिंफोमा या लसिकाग्रंथींच्या कॅन्सरचं प्रमाण सुमारे २१ टक्के जास्त दिसलं. पण टॅटू जितका मोठा तितका धोका मोठा, असं काही त्यात आढळलं नाही, त्यामुळे टॅटूमुळेच झाला असं त्यावरून म्हणता येत नाही. लिंफोमा मुळात विरळ, विरळ गोष्टीत पाचव्या हिश्शाची भर म्हणजे आकड्यात थोडीच. 'टॅटूने कॅन्सर होतो' असं मी आईला सांगणार नाही, 'काहीच होत नाही' असंही सांगणार नाही. युरोपीय संघाने ४ जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर मर्यादा घातल्या. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तर कातडीत टोचायला एकाही रंगद्रव्याला मान्यता दिलेली नाही. आपल्याकडे या शाईला वेगळा कडक कायदा नाही. म्हणून बाटली बघायची: कंपनीचं नाव, बॅच, मुदत, युरोपच्या नव्या नियमांत बसते असं लेबल. त्या लेबलचा फोटो काढून ठेव. उद्या काही झालं तर माझ्यासारखीला पहिली गरज त्याचीच लागते. एमआरआयची भीती मात्र सोडून द्या. लोहयुक्त रंगाच्या टॅटूत क्वचित चुणचुण किंवा गरम लागतं, तंत्रज्ञाला आधी सांगायचं. टॅटू आहे म्हणून गरजेचा एमआरआय टाळणं हा त्याहून मोठा धोका आहे.

नंबिंग क्रीमचा विषय स्टुडिओतच निघेल. त्यात लिडोकेन असतं. जास्त भागावर थापून वरून प्लॅस्टिक गुंडाळलं की ते रक्तात शिरतं. हृदयाचे ठोके चुकणं, झटके येणं इथपर्यंत मजल जाते. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या त्याच प्रशासनाने जादा लिडोकेन भरलेल्या अशा क्रीमबद्दल इशारा दिला होता. एका ओळीला क्रीम लागत नाही. पोटभर जेवून जा, आदल्या दिवशी दारू नको, ॲस्पिरिनसारखी गोळी स्वतःहून घेऊ नकोस, आणि चक्कर यायला लागली तर लगेच सांग, लाजू नकोस.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी दोन ओळी. मधुमेह ताब्यात नसेल, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, हृदयाच्या झडपेचा आजार असेल, गरोदर असाल किंवा बाळाला पाजत असाल, तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. डॉक्टरांनी दिलेली गोळी टॅटूसाठी परस्पर बंद करू नका. सोरायसिस किंवा कोड असेल तर सुई लागलेल्या रेघेवरच नवा चट्टा उठू शकतो.

समज, सगळ्या चाचण्या पार करून पुढच्या वर्षी तू ती ओळ काढलीस. घरी आल्यावर साबणाने स्वच्छ धुतलेल्या हातानेच तिला हात लावायचा. बिनवासाचा सौम्य साबण, कोमट पाणी, स्वच्छ टिश्यूने टिपून घ्यायचं, वर साध्या मॉइश्चरायझरचा पातळ थर. पारदर्शक चिकट फिल्म लावून दिली असेल आणि आत घाम-पाणी साठलं तर काढून टाक. हळद नको, खोबरेल नको, आजीची राख तर नकोच. खपल्या काढायच्या नाहीत, खाज आली तर वरून हलकेच थोपटायचं. आणि मेडिकलवाल्याने काउंटरवरून दिलेली 'सगळ्यावर चालणारी' ट्यूब लावू नकोस. त्यात बहुधा स्टेरॉइड असतं, ते जखम भरू देत नाही आणि आतला संसर्ग झाकतं. गजकर्णाचे निम्मे पेशंट माझ्याकडे या ट्यूबा लावून, बिघडवून येतात, त्यामुळे माझा यावर राग जुना आहे.

पहिले दोन-तीन दिवस लाली, थोडी सूज, पाझर चालेल. त्यानंतर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढू लागलं, पू आला, लाल रेघ हातावर वर सरकू लागली किंवा थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर. काही आठवड्यांनी रेघेवर बारीक गाठी उठल्या आणि साध्या अँटिबायोटिकने बसल्या नाहीत, तर टॅटू कधी काढला हे डॉक्टरांना आवर्जून सांग, वर म्हटलेल्या रॉचेस्टरच्या जंतूसाठी वेगळी तपासणी लागते.

आतेभावाच्या मित्रांपैकी कुणावर दुसऱ्याला वापरलेलीच सुई चालवली होती असं कळलं आणि त्याला तीन दिवस व्हायचे असतील, तर त्याने थेट सरकारी रुग्णालयातलं एचआयव्हीवरची औषधं देणारं एआरटी केंद्र गाठावं. ७२ तासांच्या आत सुरू केलेल्या २८ दिवसांच्या गोळ्यांनी एचआयव्हीचा धोका पुष्कळ टळतो. वेळ होऊन गेली असेल तर एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात तपासणी फुकट आणि गुप्त होते. आज निगेटिव्ह आली तरी तीन महिन्यांनी परत करायची. १०९७ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर जवळचं केंद्र विचारता येतं.

भावाचा वाघ राहिला. सैन्यभरतीत कोपरापासून मनगटापर्यंत हाताची आतली बाजू आणि तळहाताची मागची बाजू एवढ्याच जागी टॅटू चालतो. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या परंपरेपुरती सवलत आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत तर जागा डावा हात, आकार त्या भागाच्या पाव हिश्शाहून कमी, आणि विषय नाव किंवा धार्मिक चिन्ह. मानेवरचा वाघ दोन्हीकडे मेडिकलला अडकणार. लेझरने काढू म्हणेल, तर त्याला सांग की एकेक बैठक दीड-दोन महिन्यांनी, अशा बऱ्याच बैठका, सावळ्या त्वचेवर पांढरा डाग राहण्याची भीती, आणि खर्च टॅटूच्या कितीतरी पट. अंतिम यादी लागेपर्यंत त्याने काही काढू नये. हिपॅटायटिस बी ची लस मात्र तोही घेऊ शकतो. सोमवारी दोघं मिळून पहिला डोस घेऊन या.